कुरतडलेल्या पानांची बाग : फुलपाखरं, माश्या आणि पक्ष्यांसाठी काय लावावं?

मृद्गंध
८ जून, सकाळी ७:१०

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून ६० फूट लांब आणि ७ फूट रुंद अशी एक पट्टी आहे. चार वर्षांपूर्वी तिथे ड्युरांटाचं पिवळं कुंपण होतं, दर पंधरवड्याला कात्री लागणारं. मध्ये लॉन, दोन कोपऱ्यांत डबल जास्वंद. दिसायला नीटनेटकं, पण तासभर बसलं तरी एक पंख हलताना दिसायचा नाही. देखभालीचा खर्च जड व्हायला लागला तेव्हा कमिटीने विचारलं, कोणी सांभाळणार का, आणि मी हो म्हटलं.

आज तिथे कढीपत्ता, ईडलिंबू, अडुळसा, रुई, पानफुटी, कोरांटी, एकेरी जास्वंद, गोकर्ण, धायटी आणि भरपूर तुळशी आहेत. काल अडुळशाला पाणी घालताना दोन पानं एकमेकांना टाचलेली दिसली. वाकून बघितलं तर आत कापूस, आणि कापसात शिंपी पक्ष्याची तीन पिल्लं, चोची वर करून. त्या आनंदात हा धागा काढते आहे. पाऊस तोंडावर आलाय, लावणीचे दिवस आहेत, कोणाच्या तरी कामी येईल.

माझी चूक आधी सांगते. फुलपाखरांची बाग म्हणजे फुलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पेंटास, झेंडू, इक्झोरा आणून लावले. फुलपाखरं आली, मध प्यायली आणि गेली. मुक्कामाला एकही राहिलं नाही. मध त्यांना दहा ठिकाणी मिळतो, पण अंडी घालायला प्रत्येकीला आपलं ठरलेलं झाडच लागतं. कढीपत्ता आणि लिंबाच्या जातीवर कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय, रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो, कण्हेरीवर कॉमन क्रो, उंच अशोकावर आणि सीताफळावर टेल्ड जे, बहाव्यावर आणि टाकळ्यावर पिवळसर पांढरी इमिग्रंट. आपल्या राज्याचं फुलपाखरू नीलवंत (२०१५ मध्ये जाहीर झालं, राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य), त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढतात.

मॉर्मनची मादी कढीपत्त्यावर येते ते बघण्यासारखं असतं. ती फुलावर बसते तशी निवांत बसत नाही. पंख फडफडवत पानाला पाय टेकवते, उचलते, दुसऱ्या पानाला टेकवते. फुलपाखराला पायांनी चव कळते, त्यामुळे पान आपलंच आहे ना याची ती खात्री करत असते. मग पोट वाकवून कोवळ्या शेंड्यावर एकच अंडं, मोहरीएवढं, फिकट पिवळं. त्यातून निघालेली अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शेवटची कात टाकली की हिरवीगार होते. तिला बोट लावलं की डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र आंबूस वास सुटतो. आमच्या इमारतीतली मुलं शाळेतून आली की दप्तरासकट आधी तिथे पळतात.

आता पक्ष्यांचं. शिंजीर मधावर जगतो, चिमणी दाण्यांवर, पण पिल्लांना दोघंही किडे, कोळी आणि अळ्या भरवतात. पिल्लाला मऊ आणि पौष्टिक तेच लागतं. म्हणजे ज्या झाडाचं एकही पान कुरतडलेलं नाही त्या झाडावर पिल्लांसाठी काही नाही. मला हे कळायला दोन वर्षं लागली. आता पानाला भोक दिसलं की मी खाली कोण आहे ते शोधते.

एक वाईट अनुभवही लिहिते. दुसऱ्या वर्षी मी गावाला गेले असताना सोसायटीत डासांची फवारणी झाली आणि फवारणाऱ्याने माझ्या लिंबावरही 'कीड दिसली' म्हणून पंप मारला. परत आले तेव्हा झाडाखाली अळ्या वाळून पडल्या होत्या. अकरा मोजल्या, मग मोजणं थांबवलं. त्यानंतर तिथे पाटी लावली आहे, 'या झाडांवरच्या अळ्या म्हणजे उद्याची फुलपाखरं. फवारू नये.' त्या पाटीचा उपयोग झाला. लोक आता थांबून वाचतात आणि अळी शोधतात.

तुमच्याकडे काय लावलं आहे, काय आलं, काय फसलं, सगळं लिहा.

सातवा_मजला
८ जून, दुपारी १२:४४

मृद्गंध, धागा फार आवडला. आम्ही ठाण्यात सातव्या मजल्यावर आहोत. गॅलरी ३ फूट रुंद, पूर्वेची, ऊन साडेदहा-अकरापर्यंत. सध्या एक तगर, एक डबल मोगरा आणि मनी प्लांट. इतक्या वर कोणी येतं का? आणि ८-१० कुंड्यांत काय काय बसवता येईल? मुलगी सहा वर्षांची आहे, तेव्हा विषारी झाड नको.

वळेसर
८ जून, रात्री ९:३०

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ. अंगणात आजोबांनी लावलेली सुरंगी आहे. फेब्रुवारी-मार्चात फुलते तेव्हा उजाडायच्या आधीच झाड गुणगुणायला लागतं. फुलं काढायला चढणारी माणसं सांगतात, कळ्या उमलायच्या वेळेला माश्या येतातच, त्यामुळे हात हळू चालवायचा. घाई करणाऱ्याला डंख बसतो. खालून कान लावला तर सगळ्या झाडाचा एकच सूर ऐकू येतो. गजरे विकून चार पैसे होतात, पण मला त्या पहाटेच्या आवाजासाठीच ते झाड प्रिय आहे.

बाग म्हटलं की सगळे झुडपांचंच बोलतात. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी एक तरी मोठं देशी झाड लावा. सुरंगी, बकुळ, सीतेचा अशोक, पांगारा. पांगारा पानं झडल्यावर फुलतो, त्यामुळे शिंजीर, कोतवाल, मैना सगळे उघड्या फांद्यांवर स्पष्ट दिसतात. मुलांना पक्षी दाखवायचे तर त्याच्यासारखं झाड नाही.

आणखी एक. आंब्याच्या मोहोरावर मधमाश्यांपेक्षा साध्या माश्याच जास्त दिसतात, आणि फळधारणेचं मोठं काम त्याच करतात. घरात माशी शिरली की आपण वैतागतो, पण मोहोरावरची माशी मारायची नसते. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी केली की नुकसान आपलंच.

मृद्गंध
९ जून, सकाळी ६:५५

सातवा_मजला, सातव्या मजल्यावर नक्की येतात. माझी बहीण नवव्या मजल्यावर राहते, तिच्या कढीपत्त्यावर दर पावसाळ्यात अळ्या असतात. फक्त एकेक कुंडी लांब लांब ठेवू नका. एकत्र गर्दी करून ठेवा, म्हणजे लांबून हिरवं दिसतं आणि वाराही अडतो.

मी तुमच्या जागी असते तर दोन कढीपत्ते लावले असते. एक तुमच्या फोडणीला, एक त्यांना. मग एक पसरट कुंडी पानफुटीची. तिला पाणीही फार लागत नाही. रेड पिएरोची अळी पानाच्या आत शिरून गर खाते, त्यामुळे पान पोकळ, पारदर्शक कागदासारखं दिसायला लागतं. पान सडलं असं वाटून लोक तोडून टाकतात. तोडू नका, उजेडात धरून बघा, आत अळी फिरताना दिसते. गोकर्ण ग्रिलवर चढवा, एकेरी पाकळीचा घ्या, त्यावर भुंगे येतात. दोन तुळशी, एक सब्जा. कोथिंबीर पेरली तर शेवटची चार रोपं काढू नका, फुलू द्या. त्या पांढऱ्या छत्र्यांवर इतक्या बारीक माश्या येतात की आधी कधी पाहिल्याच नाहीत असं वाटतं.

डबल मोगरा घरासाठी ठेवाच, वासाचं सुख वेगळं आहे. पण माश्यांना त्याचा उपयोग नाही. डबल फुलांत पुंकेसरांच्याच जादा पाकळ्या झालेल्या असतात, मग पराग कुठून येणार? जास्वंद आणायची तर गावठी, लाल, पाच पाकळ्यांची. शिंजीर तिच्या देठाजवळ बाजूने चोच खुपसून मध पितो.

मुलगी लहान आहे म्हणून कण्हेर आणि रुई नको. कण्हेर पूर्ण विषारी आहे आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर त्रास होतो. मी दोन्ही भिंतीच्या पलीकडच्या टोकाला लावली आहेत आणि हात लावल्यावर धुवायचे हे मुलांना पाठ आहे.

तगर अजिबात काढू नका. का ते पावसाळ्यात कळेल.

काटोलकर_लेक
९ जून, दुपारी ३:२०

मृद्गंधताई, वाचताना मन दोन्हीकडे ओढलं गेलं. आमची काटोलला संत्र्याची बाग आहे. ही जी अळी तुम्ही इतक्या मायेने लिहिली, तिने रोपवाटिकेतली कलमं आठवड्यात काडी करून ठेवलेली मी लहानपणापासून पाहिली आहे. बाबा सकाळी उठून हाताने वेचायचे. शेतकऱ्याला ती कीडच आहे. म्हणून विचारते, बागेत किती सोसायचं याचा काही अंदाज?

दुसरं, विदर्भात मे महिन्यात ४५-४६ पर्यंत पारा जातो. पुण्याची यादी इथे तशीच चालत नाही. आमच्या नागपूरच्या घरी जगलेली झाडं सांगते: बेल (यावरही लिंबाचीच अळी येते), मेंदीचं दाट कुंपण, करवंद, बोर, बहावा, कडुनिंब. मेंदीच्या जाळीत चिमण्यांनी घरटी केली, कारण मांजर आत शिरू शकत नाही. मार्चात रस्त्याकडेच्या पळसावर जी जत्रा भरते ती तर विचारूच नका. उन्हाळ्यात आमच्याकडे फुलापेक्षा पाणी मोठं. मातीचं पसरट भांडं, आत खडे, पाणी इतकंच की माशी खड्यावर बसून पिऊ शकेल. रोज सकाळी ओतून नवीन भरायचं, नाहीतर डासांची सोय होते.

मृद्गंध
९ जून, रात्री ८:०५

काटोलकर_लेक, तुमच्या बाबांचं बरोबरच होतं. कलमं म्हणजे वर्षाचं पीक. माझ्या पट्टीवर कोणाचं पोट अवलंबून नाही, म्हणून मी सोसू शकते. माझा हिशोब असा: रोप गुडघ्याएवढं होईपर्यंत त्यावरच्या अळ्या अलगद पानासकट काढून मोठ्या ईडलिंबावर नेऊन ठेवते. रोप कमरेच्या वर गेलं की हात लावत नाही. मोठ्या झाडाची अर्धी पानं गेली तरी पंधरा दिवसांत नवी पालवी येते, आणि तेवढ्यात अर्ध्या अळ्या पक्षी आणि गांधीलमाश्या नेतातच. फवारणी बंद केल्यापासून गांधीलमाश्या वाढल्या आणि अळ्यांची संख्या आपोआप आवाक्यात राहिली. पहिलं वर्षच कठीण जातं.

रुईवरची अळी मात्र वेगळी. काळे-पांढरे-पिवळे पट्टे मिरवत ती उघड्यावर बसते आणि तिला पक्षी शिवत नाहीत, कारण रुईचं विष तिच्या अंगात असतं.

तुमची पाण्याची सूचना सोन्यासारखी आहे.

मधुकोष
१० जून, सकाळी १०:१५

फुलपाखरांचं कौतुक आहेच, पण आमच्या माश्यांकडेही थोडं बघा. महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला आमचं गाव, घरी सातेरी मधमाश्यांच्या पेट्या वडिलांच्या आधीपासून. २०२२ मध्ये मांघर हे मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून शहरातले ओळखीचे लोक फोन करून विचारतात, 'गच्चीवर ठेवायला एक पेटी मिळेल का?' मी प्रत्येकाला तेच विचारतो, तुमच्या गच्चीपासून नजर टाकलीत तर जूनपासून ऑगस्टपर्यंत काय फुललेलं दिसतं?

हा आमचा टंचाईचा काळ. सतत पाऊस, माशीला बाहेर पडता येत नाही, पडली तरी फुलं नाहीत. तेव्हा आम्ही साखरेचा पाक देऊन वसाहत जगवतो. रानातल्या माश्यांना पाक द्यायला कोणी नाही. म्हणून झाडं निवडताना रंग बघण्याआधी महिना बघा. एकाच महिन्यात सगळं फुलून उरलेलं वर्ष कोरडं गेलं तर त्यांना उपयोग नाही. पावसात तेरडा, तुळस, काकडी, भोपळा. पाऊस ओसरला की कोरांटी. थंडीत अडुळसा आणि धायटी. मग शेवगा, कडुनिंब, आणि रानात जांभूळ. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, त्या वर्षी आमच्या घरी सण असतो, पण बाग त्यावर विसंबून करता येत नाही.

आणि माशी म्हणजे फक्त मधमाशी नव्हे. आग्या कड्यावर आणि उंच इमारतींना पोळी लावते, सातेरी अंधाऱ्या ढोलीत, फुलोरी झुडपात एकच छोटं पोळं करते, आणि पोयाच्या बारीक काळ्या माश्या भिंतीच्या फटीत राहतात, त्यांना नांगी नसते. याशिवाय एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी आहेत. गुलाबाच्या पानाची कड कंपासने कापावी तशी गोल कापलेली दिसली ना, तर ती पानकापी माशी. ती पान खात नाही, पोकळ काडीत नेऊन त्याची घडी करते आणि आत अंडं घालते. मोठा काळा भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत घर करतो. टोमॅटो आणि वांग्याचा पराग पिशवीत बंद असतो, वरच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतो. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून अंग थरथरवतात तेव्हा तो झडतो. सातेरीला ते जमत नाही. म्हणून बागेतला वाळका ओंडका आणि चार पोकळ बांबू पेटवून देऊ नका, कोपऱ्यात उभे करून ठेवा.

नर्सरीतून रोप आणताना एक प्रश्न जरूर विचारा: यावर काय मारलं आहे? इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं मुळातून चढून मधात आणि परागात उतरतात. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये त्यातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. शक्य असेल तर बी पेरा, फांदी लावा, शेजाऱ्याकडून रोप मागून आणा.

परसातली_पालवी
१० जून, सकाळी ११:०२

मधुकोष, तुमच्या पोस्टमुळे विचारायचं धाडस करते. माझ्या लाल भोपळ्याला फुलं ढीगभर, पण फळ हरभऱ्याएवढं होऊन पिवळं पडतं. खत कमी पडतंय का?

मधुकोष
१० जून, सकाळी ११:४०

खत नाही, माशी कमी पडते आहे. आज संध्याकाळी उद्या उमलणारी मादी फुलं हेरून ठेवा, खाली गोटी असते ती मादी. सकाळी आठच्या आत नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मधला पिवळा दांडा मादीच्या मध्यभागी फिरवा. एवढं करून फळ धरलं तर निदान पक्कं झालं. मग वेलाजवळ तुळस आणि तेरडा लावा म्हणजे माश्यांना तिकडची वाट सापडेल. दोडका असेल तर त्याचं फूल संध्याकाळी उमलतं, त्याची वेळ वेगळी.

रंगबिरंगी
१० जून, दुपारी ४:१८

कोणीच घाणेरीचं, म्हणजे टणटणीचं, नाव काढलं नाही याचं नवल वाटलं. माझ्या फाटकाशी पिवळ्या-गुलाबी टणटणीचं मोठं झुडूप आहे. वर्षभर फुलं, पाणी नको, खत नको, आणि तिच्यावर जितकी फुलपाखरं बसतात तितकी दुसऱ्या कशावर नाहीत. बुलबुल फळं खातात. यापेक्षा चांगलं झाड कोणतं?

टेकडीवरून
१० जून, रात्री १०:२६

रंगबिरंगी, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे, आणि तीच अडचण आहे. बुलबुल फळ खातो आणि बी टेकडीवर नेऊन टाकतो. मी गेली बरीच वर्षं रविवारी सकाळी टेकडीवर घाणेरी काढायच्या गटात जातो. तिच्या दाट जाळीखाली गवत उगवत नाही. गवत गेलं की गवताच्या बियांवर जगणाऱ्या मुनिया गेल्या, जमिनीवर घरटं करणारे चंडोल गेले. हे झाड एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आणलं आणि आज ते जंगलांत कुठवर पसरलंय ते आपण बघतोच. मध मिळतो हे एकच परिमाण धरलं तर ते उत्तम ठरेल. पण पान कोण खातं, बी कुठे जातं, खाली काय उगवतं, हेही बघायला हवं.

फाटकाशी एक झुडूप आहे म्हणून तुम्हाला दोष देत नाही. माझ्या आईनेही लावलं होतं.

रंगबिरंगी
११ जून, सकाळी ८:३३

हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं. पण आत्ता तिच्यात बुलबुलाचं घरटं आहे, आज काढू का?

टेकडीवरून
११ जून, सकाळी ९:१०

अजिबात नको. पिल्लं उडू द्या. तोवर शेजारी कोरांटी आणि धायटी लावून घ्या, त्यांना मूळ धरू द्या. दिवाळीच्या सुमारास घाणेरी मुळासकट काढा, आणि तोवर हिरवी फळं पिकायच्या आत खुडत जा. म्हणजे येणाऱ्यांची एक दिवसही गैरसोय नाही. आमचा टेकडीवरही तोच क्रम आहे, आधी लावणी, मग काढणी.

फळांसाठी तुती लावा, आणि कढीपत्त्याची काळी फळं झाडावरच ठेवा. त्यावर बुलबुल आणि कोकिळा हमखास.

पैलतीर
११ जून, रात्री ११:५०

न्यू जर्सीहून लिहिते आहे. इथे मोनार्क फुलपाखरासाठी घरोघरी मिल्कवीड लावतात. मोनार्क आणि आपला प्लेन टायगर एकाच वंशातले भाऊबंद, आणि मिल्कवीड म्हणजे रुईच्याच कुळातलं. पहिल्या उन्हाळ्यात अंगणात पट्ट्यापट्ट्यांची अळी बघितली आणि मला आजोळच्या परड्यातली रुई आठवून रडू आलं.

एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे बागेत लाल-पिवळ्या फुलांचं हळदीकुंकू लावतात ना, तेही मिल्कवीडच, मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं. इथल्या दक्षिणेकडच्या गरम राज्यांत ते हिवाळ्यात मरत नाही, त्यामुळे त्याच्यावर मोनार्कला होणाऱ्या एका रोगाचे जंतू साचत जातात. म्हणून तिथे ते लावू नका, लावलंच तर हिवाळ्याआधी मुळापर्यंत छाटा, असं सांगतात. माझ्या भागात थंडीने ते आपोआप मरतं, तरी मी इथलं देशीच लावलं आहे.

थोरला_वाडा
१२ जून, सकाळी ६:२०

मुलींनो आणि मुलांनो, मी वाईची. वय झालं, आता कुंड्या उचलवत नाहीत, पण वाचून फार बरं वाटलं.

दोनच गोष्टी. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची आमच्याकडे रीत आहे. माझ्या सासूबाई पान तोडण्याआधी उलटं करून बघत. खाली अंडं किंवा अळी असली तर ते पान सोडून पुढचं घेत. विचारलं तर म्हणत, 'एका पानाने मारुतीला काही कमी पडत नाही.' मी तेच करत आले, नातीलाही तेच शिकवलं.

आणि तुळशीच्या मंजिऱ्या. झाड टिकावं म्हणून खुडाव्या लागतात हे खरं, पण सगळ्या एकदम खुडू नका. आमच्या अंगणात वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो आणि मागच्या दारच्या चार तुळशींना हात लावत नाही. दुपारी तिथे माश्यांचा नुसता घोळका असतो.

मृद्गंध
१२ जून, सकाळी ७:३०

आजी, नमस्कार. पान उलटं करून बघायची रीत आजपासून आमच्या सोसायटीतही सुरू करते. शनिवारी आमच्या पट्टीतून चार घरं पानं नेतात.

एक राहिलं होतं. कोळ्याची जाळी सगळी झाडू नका. शिंजिराचं लोंबतं घरटं कोळिष्टकांनीच बांधलेलं असतं. मागच्या वर्षी मादी आमच्या जिन्याच्या खिडकीतून जाळं गुंडाळून नेताना दिसली, तेव्हापासून तो कोपरा तसाच ठेवला आहे. आणि वाळकी पानं जाळू नका, झाडाखाली ढीग करा. खूप कोष त्यातच असतात.

सातवा_मजला
१९ सप्टेंबर, रात्री ९:१२

धागा वर आणते आहे, जरा घाबरूनच. गॅलरीत कढीपत्ता, पानफुटी, गोकर्ण, तुळस सगळं लावलं. जुलैत कढीपत्त्यावर पहिल्या अळ्या आल्या, लेक नाचली. पण आज तगरीवर काहीतरी भलतंच आहे. माझ्या मधल्या बोटाएवढी जाड हिरवी अळी, मागे छोटं शेपूट, आणि डोक्याजवळ दोन मोठे निळे डोळे! हात जवळ नेला की डोकं आत ओढते आणि ते डोळे मोठे होतात. तगरीची एक अख्खी फांदी संपली आहे. यजमान म्हणतात टाकून दे. चावते का?

मृद्गंध
१९ सप्टेंबर, रात्री ९:२५

टाकू नका! जूनमध्ये तगर काढू नका म्हटलं होतं ते हिच्यासाठी. हा ओलिअँडर हॉक मॉथ, कण्हेरीवर आणि तगरीवर वाढणारा मोठा पतंग. ते डोळे खरे नाहीत, पक्ष्याला घाबरवायला काढलेले ठिपके आहेत. चावत नाही, खाज येत नाही. तगर महिन्याभरात पुन्हा भरेल.

लक्ष ठेवा. एक दिवस हिरवा रंग जाऊन ती तपकिरी-काळपट दिसायला लागेल आणि खोडावरून खाली उतरेल. आजारी पडली असं वाटेल, पण ती कोष करायला जागा शोधत असते. कुंडीत मूठभर वाळकी पानं टाकून ठेवा आणि त्या कुंडीला पाणी जपून घाला.

सातवा_मजला
२२ सप्टेंबर, सकाळी ७:४०

तुम्ही म्हणालात तस्संच. काल संध्याकाळी काळपट झाली आणि उतरून पानांत शिरली. लेकीने कुंडीला 'इथे झोपलेय' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. पानं उचलून बघायची तिला फार इच्छा आहे, मी थोपवून धरलंय.

थोरला_वाडा
२२ सप्टेंबर, सकाळी ८:१५

थोपवच. नातीला सांग, वाईच्या आजीही वाट बघताहेत.

सातवा_मजला
६ ऑक्टोबर, रात्री ८:०५

आज संध्याकाळी दिवे लावायला गॅलरीत गेले आणि भिंतीवर काहीतरी हिरवं दिसलं. आधी पानच वाटलं. गडद हिरवा, त्यात फिकट हिरवे आणि गुलाबीसर पट्टे, संगमरवरावर असतात तसे. लेकीला हाक मारली. आम्ही दोघी खाली बसून बघत राहिलो. अर्धा तास तो हलला नाही. अंधार पडल्यावर पंख थरथरायला लागले, इतके जलद की नुसता धूसर हिरवा गोळा दिसत होता. आम्हाला वाटलं काही दुखतंय. मग एकदम उडाला, गोकर्णाच्या वेलाला वळसा घातला आणि समोरच्या इमारतीच्या दिशेने गेला.

यजमानांनी आत्ताच विचारलं, दुसरी तगर कुठे मिळेल.

मृद्गंध
६ ऑक्टोबर, रात्री ८:२०

विकत घेऊ नका. पाऊस पूर्ण थांबायच्या आत तुमच्याच तगरीची वीतभर, पेन्सिलएवढी जाड फांदी तिरकी कापा, खालची पानं काढा आणि ओल्या मातीत खोचून सावलीत ठेवा. दीड-दोन महिन्यांत मुळं धरेल. थरथरत होता तो उडण्याआधी अंग तापवत होता, मोठे पतंग तसंच करतात.